बेटावर अडकलेली माणसं आणि भाकीत: कोकणातल्या मालिकेची संहिता कशी बांधावी

बेटावर अडकलेल्या माणसांची गोष्ट लिहायला घेतली की दुसऱ्या-तिसऱ्या भागात कुणाला तरी पुढचं दिसायला लागतं. ते दिसणं नुसतं घाबरवण्यापुरतं असेल तर चौथ्या भागात त्याची धार गेलेली असते. भाकिताने पात्राला पेचात टाकलं पाहिजे. जे दिसलं ते सांगायचं की लपवायचं, सांगितलं तर कुणाला, आणि टाळलं तर त्याची किंमत कोण मोजणार? हे प्रश्न उभे राहत नसतील तर ते भाकीत संहितेतून काढून टाका.

या बाबतीत अभ्यासायला सगळ्यात चांगली मालिका ‘लॉस्ट’. विमान कोसळून एका बेटावर अडकलेल्या माणसांची ही गोष्ट; अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर 2004 ते 2010 या काळात तिचे सहा सीझन झाले. (पुढे कथा उघड केली आहे.) सगळी मालिका पाहायला वेळ नसेल तर तिसऱ्या सीझनमधला डेझमंड आणि चार्ली यांचा धागा वही घेऊन पाहा. डेझमंडला चार्लीचं मरण दिसतं, पण एकदाच नव्हे. आधी वीज पडणार असते, म्हणून तो तंबूजवळ वीजवाहक उभा करतो. मग पाण्यात बुडणं, मग खडकावरून पडणं, मग गळ्यात बाण. प्रत्येक वेळी तो मरण हुकवतो आणि प्रत्येक वेळी ते नव्या वाटेने परत येतं. त्यामुळे ‘वाचेल का?’ हा प्रश्न मागे पडून ‘हा किती दिवस वाचवत राहील?’ हा पुढे येतो. नियतीला वजन येतं ते इथे.

त्यातही बाणाचा भाग दोनदा पाहा. त्या वेळी डेझमंड चार्लीला धोका सांगतच नाही. पॅराशूटने उतरणारी बाई आपली प्रेयसी पेनी असेल अशी त्याला आशा असते आणि दिसलेल्या चित्रातला एक तुकडा बदलला तर ती येणार नाही अशी भीती. शेवटच्या क्षणी तो चार्लीला खाली पाडतो, आणि उतरलेली बाई पेनी नसतेच. पुढचं दिसणाऱ्या माणसाचा स्वतःचा स्वार्थ त्या दिसण्यात गुंतवावा, तो असा.

सीझनच्या शेवटी डेझमंड सांगतो की चार्ली पाण्याखालच्या केंद्रात एक खटका दाबून बुडेल आणि मग चार्लीची लाडकी क्लेअर तिच्या बाळाला घेऊन हेलिकॉप्टरमध्ये चढेल. चार्ली त्या भरवशावर मरण पत्करतो. तो बुडतो हे खरं ठरतं, पण क्लेअर कधीच हेलिकॉप्टरमध्ये चढत नाही. अर्धं खरं आणि अर्धं हुकलेलं भाकीत पूर्ण खऱ्यापेक्षा कितीतरी जास्त दुखवतं.

आता हे कोकणात आणू. पहिली अडचण जागेची. आपली बेटं किनाऱ्याला लागून आहेत. सुवर्णदुर्ग, पद्मदुर्ग, सिंधुदुर्ग हे सगळे किनाऱ्यावरून डोळ्यांना दिसतात. वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांवर दीपगृह आहे. शिवाय तिथे पाकोळी पक्ष्यांची मोठी वसाहत आहे, त्यामुळे तिथे चित्रीकरणाचा विचारही करू नका. तेव्हा बेट काल्पनिक घ्या. पण तिथे माणसं महिनोन् महिने अडकतील कशी? याचं उत्तर पावसाळा. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. मे महिन्याच्या अखेरची शेवटची फेरी, वादळ, बंद पडलेलं इंजिन, खडकावर फुटलेली बोट, एवढं पुरतं. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला वादळ येणं कुणाला खोटं वाटणार नाही. निसर्ग वादळ 3 जून 2020 ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं होतं. मोबाइल, व्हीएचएफ (बोटीवरचा रेडिओ) आणि संकटात इशारा पाठवणारं यंत्र यांचं काय झालं ते पहिल्या दहा मिनिटांत दाखवून मोकळे व्हा. हे राहिलं तर मच्छीमार घरातला प्रेक्षक तिथेच उठून जातो. खायला खडकावरची कालवं आणि शिनाणे (शिंपले), प्यायला पावसाचं पाणी.

खरी कमाई पुढे आहे. 61 दिवसांत अमावास्या आणि पौर्णिमा मिळून साधारण चार मोठी उधाणं येतात. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. सगळ्यात खालचे खडप, म्हणजे किनाऱ्याचे खडक, उघडे पडतात ते उधाणाच्या ओहोटीला. भरतीची ढोबळ वेळ काढायला तिथीची पाऊणपट करायची: चतुर्थीला तीनच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. तिथून सहा-सव्वासहा तास पुढे किंवा मागे ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येची मोठी ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पडते.

हे भाकितात कसं वापरायचं ते पाहा. एका पोराला दिसतं की खालचा खडप उघडा आहे, नुकतं उजाडत आलंय आणि बाबलकाका लाटेत जातोय. त्याला दिवस कळत नाही, पण तांडेल (बोटीचा प्रमुख) ऐकतो आणि लगेच ओळखतो की ही अमावास्या किंवा पुनव, दुसरी तिथी असूच शकत नाही. आता मरणाला तारीख मिळाली, तीही चारच. आठ भागांची मालिका असेल तर एका उधाणाला दोन भाग द्या, एक येण्याचा आणि एक निभावल्याचा. हा सांगाडा दुसऱ्या किनाऱ्यावर असाच बसणार नाही. तो इथल्या पाण्याने दिलेला आहे.

सूचना कुठून येते हेही नीट ठरवा. स्वप्नातला दृष्टांत न विचारता येतो. कौल, म्हणजे देवाचा होकार-नकार, विचारावा लागतो. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या किंवा पानं लावतात, उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार; गावागणिक रीत बदलते. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीखसुद्धा कौलानेच ठरते. संहितेसाठी कौल दृष्टांताहून जास्त कामाचा, कारण काय विचारायचं हे पात्राला सगळ्यांसमोर बोलावं लागतं. ‘आमी सगळे परत जातलो काय?’ असं विचारणारा आणि ‘मी परत जातलंय काय?’ असं विचारणारा, दोघांची ओळख एका वाक्यात होते. कौल नुसतं हो-नाही सांगतो, चित्र दाखवत नाही. म्हणून चुकीचा प्रश्न विचारला की बरोबर उत्तरही घात करतं. बेटावर देऊळ नसेल तर तांडेल एखाद्या दगडाला देव मानून गाऱ्हाणं घालेल आणि बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतील. हा प्रसंग खऱ्या देवळात चित्रित करू नका. गावच्या मानकऱ्यांना आधी संहिता वाचून दाखवा. शब्द कुठे चुकतात ते तेच सांगतील.

लिहायला बसण्याआधी प्रत्येक सूचनेची एक नोंद करा. कोणत्या भागात दिसली, कुणाला, त्याने कुणाला सांगितली, प्रेक्षकाला त्यातलं किती कळलं, प्रत्यक्षात काय झालं, कुठला तपशील हुकला. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर ते भाकीत नुसतं वेळापत्रक आहे. आठ भागांत तीनच्या वर सूचना नकोत. पहिली लहान आणि लगेच खरी ठरणारी, म्हणजे विश्वास बसेल. दुसरी टाळली जाते, पण तिची किंमत दुसऱ्यावर पडते. तिसरी माणूस जाणूनबुजून स्वीकारतो.

आणखी एक करा: प्रत्येक सूचनेला एक साधं स्पष्टीकरणही लिहून ठेवा. ताप, उपाशीपण, तांडेलाचं ऐकलेलं बोलणं. ‘लॉस्ट’मध्ये ज्योतिषी माल्किन क्लेअरला बजावतो की बाळाला तिनेच वाढवलं पाहिजे, आणि नेमक्या त्याच कोसळणाऱ्या विमानाचं तिकीट देतो; पुढे तोच एको नावाच्या पाद्र्याला सांगतो की आपण भोंदू आहोत. दोन्ही बाजू उघड्या राहतात, म्हणून तो प्रसंग विसरत नाही. आकड्यांच्या बाबतीत मात्र त्या मालिकेची नक्कल टाळा. 4, 8, 15, 16, 23, 42 यांची बेरीज 108, बेटावरच्या एका केंद्रातलं बटण दर 108 मिनिटांनी दाबायचं, इथपर्यंत गंमत वाटते. पण त्या आकड्यांचा समाधानकारक उलगडा झाला नाही ही अनेक प्रेक्षकांची तक्रार राहिली. आपल्याकडे जपमाळेमुळे 108 हा आकडा आधीच ओळखीचा असल्याने मोह होतो. प्रत्येक आकड्याचं उत्तर तुमच्या वहीत असेल तरच वापरा.

चित्रीकरणात सगळ्यात जास्त चूक होते ती क्रमाची. आधी भाकीत चित्रित करतात आणि महिन्याने घटना, आणि दोन्हीतलं पाणी जुळत नाही. उलट करा. घटना पूर्ण चित्रित करा आणि तिच्यातूनच सहा ते दहा सेकंद भाकितासाठी काढा, तीनच चित्रं, संवाद नाही. हुकणारा तपशील त्याच दिवशी, त्याच ओहोटीत वेगळा घ्या: भाकितात कोयती उजव्या हातात आणि घटनेत डाव्या, किंवा पाठमोरा माणूस ज्याला आपण बाबलकाका समजलो तो दुसराच. ओहोटीच्या तळाला हाताशी जेमतेम तासभर असतो, म्हणून तालीम आदल्या दिवशी त्याच जागी करून घ्या. वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते हे पत्रकात धरा. मुंबईकडून वेंगुर्ल्याकडे येताना भरती-ओहोटीतला फरक कमी होत जातो, त्यामुळे अलिबागला पाहून ठेवलेला अंदाज वेंगुर्ल्याकडच्या निवती-भोगव्याच्या खडपावर लागू पडत नाही. चित्रीकरण ऑक्टोबरनंतर, शांत समुद्रात करा आणि पाऊस टँकरने पाडा. जुलैच्या खऱ्या लाटांसमोर शेवाळलेल्या खडपावर नटाला उभं करू नका. कमरेला दोर आणि पाण्यात दोन पोहणारे गावकरी ठेवले तरीही नाही.