ड्रायर लावला की एमसीबी पडतो? घाईने काही बदलू नका

कपड्यांचा ड्रायर लाइट घालवतोय म्हटलं की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, जाळीतला लिंट (कपड्यांचे सुटलेले तंतू) साफ करा. तो करावाच, पण लिंट तुंबला की ड्रायर जास्त तापतो आणि त्याचा थर्मल फ्यूज जातो. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच, सहसा पडत नाही. दुसरा, मोठा एमसीबी टाका. हा सल्ला देणाऱ्याला बोर्डाजवळ फिरकू देऊ नका. एमसीबी असतो भिंतीतल्या वायरसाठी. १६ अँपिअरच्या जागी ३२ चा बसवला तरी आतली वायर तीच राहते, आणि मग ओव्हरलोड झाला की एमसीबी गप्प बसतो, वायर जळते.

आधी काय पडलं ते बघा. एमसीबी पडला असेल तर ओव्हरलोड किंवा शॉर्ट. टेस्टचं बटण असलेला आरसीसीबी पडला असेल तर करंट अर्थला गळतोय, आणि घरगुती आरसीसीबीला ३० मिलिअँपिअरची गळतीही पुरते. ड्रायरचं बटण बंद असताना नुसता प्लग लावला तरी आरसीसीबी पडतो, याने पुष्कळजण चक्रावतात. स्विच एकट्या फेजवर असेल आणि आत न्यूट्रल बॉडीला लागला असेल, तर असं होऊ शकतं.

मग कधी पडतो ते बघा. पंधरा-वीस मिनिटांनी पडत असेल तर त्याच लाइनवर दुसरं काही जड चालू आहे का पाहा, प्लगच्या पिना काळवंडल्यात का पाहा. एक्स्टेन्शन बोर्ड असेल तर तो आधी काढा. स्टार्ट दाबताच पडत असेल तर प्लग काढून ड्रम हाताने फिरवा; अडकत असेल तर ड्रम किंवा मोटर जाम आहे. त्यानंतर हीटरशिवाय, नुसत्या हवेचा प्रोग्राम लावा. तो नीट चालला आणि गरम प्रोग्रामवरच लाइट गेली, तर संशय हीटरवर.

आता मल्टिमीटर. माझे दोन आठवडे इथेच गेले. प्लग काढा, मागचं पॅनल उघडा, कपॅसिटर असेल तर त्याला हात लावू नका, प्लग काढल्यावरही त्यात चार्ज उरतो. हीटरच्या दोन्ही वायरी सोडवून मोजा: २३० व्होल्टवर २००० वॉटचा हीटर साधारण २६ ओहम दाखवतो. मग एक प्रोब हीटरच्या टोकाला, दुसरा त्याच्या पत्र्याला. इथे ‘ओएल’, म्हणजे दोघांत जोड नाही, असं यायला हवं. काही ओहम आले तर कॉइल लोंबून पत्र्याला टेकली आहे, हीटर बदला.

माझ्याकडे ‘ओएल’च आलं. तरी मी हट्टाने हीटर बदलला, आणि नव्या हीटरवरही आरसीसीबी पडला. चूक अशी की मी मशीन स्थिर असताना मोजत होतो आणि फॉल्ट यायचा ड्रम फिरताना. शेवटी एक प्रोब वायरीच्या टोकाला, दुसरा बॉडीला लावून, मीटर बझरवर ठेवला आणि वायरींचा जुडगा इंचाइंचाने हलवत गेलो. ड्रमच्या मागे, जिथे वायरी पत्र्याच्या भोकातून जातात, तिथे मीटर ओरडला. ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या धारेवरचं रबरी कडं, निसटलं होतं, आणि पत्र्याच्या धारेवर तिळाएवढा काळा डाग. वायर बदलली, ग्रोमेट बसवलं, संपलं. म्हणून सांगतो, वायरी हलवून बघितल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका.

एक गोची मात्र मीटरने सुटत नाही. नळीच्या आकाराच्या हीटरमधली इन्सुलेशनची पावडर ओल धरते. साधा मीटर अगदी कमी व्होल्टेजवर मोजतो, त्याला ती गळती दिसेलच असं नाही. त्यासाठी ५०० व्होल्टवर इन्सुलेशन तपासणारा मेगर लागतो, आणि तो इलेक्ट्रिशियनकडेच असतो.

ड्रायर दुसऱ्या, तेवढ्याच क्षमतेच्या आणि स्वतंत्र आरसीसीबी असलेल्या लाइनवर लावून तासभर चालला, तर दोष मशीनमध्ये नसून बहुधा बोर्डात आहे: सैल स्क्रू, नाहीतर म्हातारा एमसीबी. तो बोर्ड तुम्ही उघडू नका. मेन बंद केला तरी विजेच्या मीटरकडून येणारी वायर जिवंतच असते.