ऑटोमॅटिक मस्टँगला क्लच बसवताना: आधी फ्लायव्हील तपासा

फोर्डची 1965-66 ची मस्टँग, 289 घन इंचांच्या व्ही-8 इंजिनाची, ऑटोमॅटिक मिळाली आणि ती मॅन्युअल करायची असेल, तर खुशाल कामाला लागा. या गाडीत ऑटोमॅटिकचा दांडाही जमिनीवरच असतो, त्यामुळे स्टिअरिंग कॉलम बदलायची भानगड नाही. मूळचा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सी-4 काढायचा आणि 1980 च्या दशकातल्या मस्टँग 5.0 मधला पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स टी-5 बसवायचा, ही वाट इतकी मळलेली आहे की लागणारा जवळजवळ प्रत्येक भाग आजही विकत मिळतो. सी-4 चं मागचं योकसुद्धा (प्रॉपेलर शाफ्टला जोडणारा तुकडा) टी-5 ला चालतं, दोन्हीला 28 स्प्लाइन, म्हणजे खाचा, आहेत.

मी हे काम मिशिगनमध्ये घरच्या गॅरेजात केलं, नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी. बाबांच्या प्रीमियर पद्मिनीचे स्टिअरिंगपाशी असलेले गिअर टाकत मी गाडी शिकले. पुढ्यात व्ही-8 असताना डावा पाय रिकामा ठेवणं मला जमेना. ज्यांना ही तळमळ कळते, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आता फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या क्रँकच्या मागच्या टोकाचं जड चाक, ज्यावर क्लच बसतो. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

भंगारवाल्याकडे 5.0 चा ‘पूर्ण सेट’ मिळतो: गिअरबॉक्स, बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स यांमधलं कवच), क्लच आणि फ्लायव्हील. मलाही तसाच मिळाला, ‘सगळं बसतं’ या खात्रीसह. बसतंच. क्रँकवरची भोकं जुळतात, दात 157 चे 157, स्टार्टर नीट लागतो. पण फोर्डने या इंजिनांचा तोल क्रँकच्या आत पुरा केलेला नाही. थोडं वजन मुद्दाम बाहेर, पुढच्या बॅलन्सरवर (क्रँकच्या पुढच्या टोकाची चकती) आणि मागच्या फ्लायव्हीलवर ठेवलं आहे. 289 साठी ते 28 औंस-इंच (वजन गुणिले मध्यापासूनचं अंतर). 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला 302 चा, म्हणजेच 5.0 चा, क्रँक हलका केला आणि हा आकडा 50 झाला. म्हणजे 5.0 चं फ्लायव्हील 289 ला लावलं की 22 औंस-इंच तोल जादा.

ऐकायला किरकोळ वाटतं ना? गणित करा. हा जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. 750 आरपीएमला, गाडी उभी असताना, जेमतेम 10 किलोचा धक्का. 1500 ला 40 किलो. 3000 ला 160 किलो, सेकंदाला 50 वेळा, क्रँकच्या शेवटच्या बेअरिंगवर. म्हणून गॅरेजात गाडी सुरू केली की कसलाच संशय येत नाही. हायवेला लागलं की आरसा धूसर दिसायला लागतो आणि गिअरचा दांडा हाताला मुंग्या आणतो.

मग प्रत्येक जण गिअरबॉक्सला दोष देतो, कारण तोच नवा आहे. मी प्रॉपेलर शाफ्ट तोलून आणला, युनिव्हर्सल जॉइंट बदलले, गिअरबॉक्सखालचं रबर बदललं. कशानेही फरक पडला नाही. खरी चाचणी फुकटची होती. गाडी उभी करा, क्लच पूर्ण दाबा, गिअर न्यूट्रलला, आणि इंजिन हळूहळू 3000 पर्यंत न्या. या वेळी गिअरबॉक्स आणि शाफ्ट दोन्ही थांबलेले असतात. थरथर तरीही येत असेल तर गिअरबॉक्सकडे बघूच नका.

हे मला शेजारच्या एका निवृत्त मशिनिस्टने दाखवलं. त्यांनी माझा एकही बोल्ट स्वतः फिरवला नाही. माप घ्यायला लावलं आणि शेजारी उभे राहिले. गुरू निवडायचा तर असा निवडा. जो तुमच्या हातून पाना काढून घेतो, त्याच्याकडे काम लवकर होतं, पण गाडी कायम त्याचीच राहते. तयार किटबद्दलही माझं मत फारसं बरं नाही. पैसे जातात ते जातातच, शिवाय आत काय आहे हे बघायची सवय जाते.

तुमची जुनी फ्लेक्सप्लेट (ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी असणारी पातळ चकती) फेकू नका. तिच्यावर 28 चं वजन आहेच. मशीन शॉपमध्ये ती आणि नवं फ्लायव्हील दोन्ही नेलीत तर तिच्याबरहुकूम तोलून मिळतं. पुढचा बॅलन्सरही तपासा, आधीच्या मालकाने काय लावलं असेल सांगता येत नाही.

ऑटोमॅटिकच्या क्रँकमध्ये पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं पुढचं टोक धरणारं) नसतं, ते बसवावं लागतं. बेलहाउसिंगचं मधलं भोक क्रँकच्या मध्याशी 0.005 इंचाच्या आत हवं. डायल गेज फिरवल्यावर दिसणारा आकडा प्रत्यक्ष सरकलेल्या अंतराच्या दुप्पट असतो, बेलहाउसिंग मध्यावर सरकवणाऱ्या ऑफसेट पिना मागवताना हे ध्यानात ठेवा.

पेडल बसवणं हे अंगमेहनतीचं काम आहे, अवघड नाही. डॅशखाली उताणं पडून मान अवघडते, एवढंच. डायफ्रॅम क्लच (बशीसारख्या एकाच स्प्रिंगचा) लावणार असाल तर पेडलची मोठी मदतनीस स्प्रिंग काढून टाका, नाहीतर पेडल खालीच अडकून राहतं. ती काढताना सांभाळा, फार जोरात ताणलेली असते.

न्यूट्रल स्विचच्या (गाडी गिअरमध्ये असताना स्टार्टर अडवणाऱ्या) तारा नुसत्या एकमेकींना जोडून मोकळे होणारे लोक आहेत. करू नका. गाडी गिअरमध्ये असताना चावी फिरवली की ती उडी मारते, आणि पुढे कोण उभं असेल ते आपल्या हातात नसतं. क्लचच्या पेडलवर स्विच लावा.

मागचा अ‍ॅक्सल 2.80 गुणोत्तराचा असेल तर पाचव्या गिअरची फार आशा धरू नका. टी-5 चा पाचवा 0.68, साधारण 25 इंची टायरवर ताशी 65 मैलांना इंजिन 1650 च्या आसपास येतं आणि चढावर कण्हायला लागतं. 3.55 लावलात तर 2100 मिळतात, तिथे 289 खूश असतं. लगेच खर्च नको असेल तर चौथ्यात चालवा, काही बिघडत नाही.

टी-5 ‘वर्ल्ड क्लास’ (त्याची सुधारित आवृत्ती) असेल तर त्यात जाड गिअर ऑइल ओतू नका, ऑटोमॅटिकचंच पातळ तेल लागतं. दाराच्या पट्टीवर ट्रान्समिशनच्या खाली 6 हा आकडा असेल, तो सी-4 चा. पट्टी आहे तशी राहू द्या. सी-4 चं तेल काढून, तोंडं बंद करून, टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणारा भाग) आणि रुंद ब्रेक पेडलसकट ठेवून द्या. पुढेमागे गाडी विकायची वेळ आली तर घेणारा पहिला प्रश्न त्याचाच विचारतो.