झेडएक्स स्पेक्ट्रमवर बेसिकमध्ये छोटा गेम: आकृती, हालचाल, टक्कर

सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक १९८२ साली ब्रिटनमध्ये आला आणि घरी बसून गेम लिहिणाऱ्या हौशी पोरांची एक पिढीच उभी राहिली. टीव्ही, कॅसेट रेकॉर्डर, आलेखाचा कागद आणि पेन्सिल एवढ्यावर त्यांचं काम चालायचं. त्याच पद्धतीने, मशीनमध्येच असलेल्या बेसिक या भाषेत एक गेम बांधू: वरच्या बाजूला यान, खालून येणारे दगड, अधूनमधून वेचायला नाणी. मशीन नसेल तर फ्यूज हा एम्युलेटर (स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्राम) घ्या.

आधी कागद. पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा आहे, पण रंग ठिपक्यागणिक मिळत नाही. ८ बाय ८ ठिपक्यांच्या एका घरात दोनच रंग बसतात. म्हणून पहिल्या गेममध्ये सगळं पूर्ण घरानेच हलवा. रंग एकमेकांत मिसळण्याची कटकट मुळातच उरत नाही. छापायला ३२ रकाने आणि २२ ओळी मिळतात, खालच्या दोन ओळी मशीन स्वतःसाठी ठेवतं.

आलेखाच्या कागदावर ८ बाय ८ चा चौकोन आखा आणि रकान्यांवर डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ लिहा. घरं काळी करून प्रत्येक ओळीची बेरीज मांडली की आकृतीचे आठ आकडे तयार. खाली टोक असलेलं यान: १२९, २१९, २५५, १२६, ६०, ६०, २४, २४. दगड: ६०, १२६, २५५, २३९, २५५, २४७, १२६, ६०. नाणं: ६०, १२६, १०२, १०२, १०२, १०२, १२६, ६०. हे २४ आकडे डेटा ओळींत लिहा आणि ० ते २३ च्या फॉर लूपमध्ये एकेक रीड करून पोक यूएसआर "ए"+आय, एन करा. पोक आकडा मेमरीत ठेवतं, आणि यूएसआर "ए" म्हणजे ए या अक्षराच्या स्वतः काढलेल्या आकृतीचा पत्ता. पत्ता थेट ६५३६८ असा लिहू नका. तो ४८के मेमरीच्या मशीनचा आहे, १६के मशीनवर तोच भाग ३२६०० पासून सुरू होतो. यूएसआर दोन्हीकडे बरोबर जागा काढतं. एखादा आकडा सुटला तर 'आउट ऑफ डेटा' येतं. दोन आकड्यांमधला स्वल्पविराम सुटला तर ते जोडून २५५ पेक्षा मोठा आकडा होतो आणि 'इंटिजर आउट ऑफ रेंज' येतं.

टाइप करताना हुकमाची अक्षरं एकेक करून मारायची नाहीत, अख्खा हुकूम एका कळीवर असतो. कॅप्स शिफ्ट आणि सिम्बॉल शिफ्ट एकत्र दाबून मग एल दाबला की यूएसआर उमटतं; तिथेच सिम्बॉल शिफ्ट धरून एल दाबला तर ॲटर (घराचा रंग वाचणारा हुकूम). यानाची आकृती उमटवायला कॅप्स शिफ्ट धरून ९, मग ए, आणि बाहेर पडायला पुन्हा ९. बी वर दगड, सी वर नाणं.

आता रचना. गो टू दर वेळी प्रोग्रामच्या पहिल्या ओळीपासून शोधत येतं, म्हणून मुख्य लूप सगळ्यात वर ठेवा. ओळ १० मध्ये फक्त गो टू ९०००. तिथे बॉर्डर ०, पेपर ०, इंक ७ (कडा आणि पार्श्वभूमी काळी, अक्षरं पांढरी), पडदा पुसणारं सीएलएस, आकृत्या आणि सुरुवातीच्या किमती. मग गो टू २०. चलंही मांडलेल्या क्रमानेच शोधली जातात, तेव्हा सगळ्यात जास्त लागणारा एक्स (यानाचा रकाना) सर्वांत आधी मांडा. या दोन गोष्टींनी वेग वाढतो.

कळा वाचायला इंकी-डॉलर सोपं आहे, पण दोन कळा एकदम दाबल्या की ते रिकामं परत येतं आणि यान अडखळतं. त्यापेक्षा इन ५७३४२ (ओ आणि पी असलेली कळांची ओळ) वाचून क्यू मध्ये ठेवा. काही न दाबता इश्यू २ च्या, म्हणजे जुन्या आवृत्तीच्या, बोर्डावर २५५ येतं, इश्यू ३ वर १९१. थेट २५५ शी तुलना करणारे जुने गेम नव्या बोर्डावर याच कारणाने बिघडले. आलेल्या क्यू मधून ३२*इंट(क्यू/३२) वजा करा: ३१ म्हणजे काही नाही, ३० म्हणजे पी, २९ म्हणजे ओ. मग इफ नकोच: एक्स=एक्स+(क्यू=३० अँड एक्स<३१)-(क्यू=२९ अँड एक्स>०). अट खरी असली की तिची किंमत १ धरली जाते. जुना एक्स मात्र आधी दुसऱ्या चलात ठेवा, लगेच लागणार आहे.

पडदा वर सरकवायला रॉममधलाच (मशीनच्या कायमच्या मेमरीतला) तयार तुकडा वापरा: लेट झेड=यूएसआर ३५८२. पुष्कळ जण इथे रँडमाइझ यूएसआर लिहितात, आणि या गेमचा घात तिथेच होतो. रँडमाइझ परत आलेल्या आकड्यावरून आरएनडीची (यादृच्छिक आकडे देणाऱ्या हुकमाची) सुरुवात पुन्हा ठरवतं, मग दगड त्याच त्या रकान्यांत येत राहतात.

पडदा सरकला की जुनं यान ४ थ्या ओळीवरून ३ ऱ्यावर जातं. तिथे जुन्या रकान्यात रिकामी जागा छापा. मग २१ व्या ओळीवर आरएनडी*३१ या रकान्यात दगड इंक २ ने, किंवा पाचात एकदा नाणं इंक ६ ने. आकडा जवळच्या पूर्णांकावर आपोआप जातो, इंट लावून वेळ घालवू नका.

टक्कर स्क्रीन-डॉलरने (पडद्यावरचं अक्षर वाचणाऱ्या हुकमाने) पाहू नका, स्वतः काढलेल्या आकृत्या त्याला ओळखताच येत नाहीत. ॲटर(४, एक्स) वाचा. तो आकडा म्हणजे १२८*फ्लॅश + ६४*ब्राइट + ८*पेपर + इंक. आपल्याकडे ७ रिकामं, २ दगड, ६ नाणं. मॅथ्यू स्मिथच्या 'मॅनिक मायनर'मध्येही (१९८३) जमीन आणि भिंत अशा रंगाच्या आकड्यावरूनच ओळखली जाते. तपासणी यान छापण्याआधीच करा, नाहीतर यानाचाच रंग परत वाचला जाईल. यान इंक ५ ने, ४ थ्या ओळीवर, अगदी शेवटी छापा.

नाणं मिळाल्यावर बीप ०.०१, २० पुरे. आवाज वाजेपर्यंत बाकी सगळं थांबतं, लांब बीपने यान गोठल्यासारखं दिसतं. गुण दर फेरीला छापू नका: सर्वांत वरची ओळ प्रत्येक सरकण्यात पुसली जाते आणि छापण्यात वेळही जातो. खेळ संपल्यावर एकदाच दाखवा.

यूएसआरचा आकडा चुकला तर मशीन लटकतं किंवा कोरं होतं आणि टाइप केलेलं सगळं जातं. म्हणून रन करण्याआधी सेव्ह. नावापुढे लाइन १० लिहिलं तर टेपवरून चढताच गेम आपोआप सुरू होईल. सेव्ह करताना 'इअर'ची वायर काढून ठेवा, काही रेकॉर्डरांत दोन्ही वायरी लागलेल्या असल्या की आवाज फिरून येतो आणि नोंद खराब होते. मग टेप मागे घ्या, वायर लावा, आवाज पाऊणपर्यंत ठेवून व्हेरिफाय करा.