शॅडो टॅक्टिक्स: एकमेकांकडे पाहणारे दोन गवती टोपीवाले कसे पाडायचे

लक्षण: शॅडो टॅक्टिक्स या चोरपावलांच्या व्हिडिओ गेममध्ये दोन गवती टोपीवाले (जागा न सोडणारे शत्रूचे पहारेकरी) समोरासमोर उभे. एकाला मारलं की दुसरा लगेच ओरडतो आणि जादा पहारेकरी धावत येतात.

जे चाललं नाही: आपल्या गटातल्या मुगेनची साकेची (जपानी दारूची) बाटली, युकीची शीळ. साधा शिपाई भुलतो, पण हे बाबाजी जागा सोडत नाहीत. आपल्याच हायातोचा दगड फक्त मान वळवतो, तीही क्षणभर. एफ८ (आधी साठवलेला खेळ परत आणणं) दाबून दाबून बोट दुखलं.

उपाय शॅडो मोडमध्ये आहे, म्हणजे प्रत्येकाला आधी हुकूम देऊन ते एकदम सोडायची सोय. आधी दोघांचे दृष्टिकोन, म्हणजे नजर कुठवर पोहोचते ते दाखवणारे जमिनीवरचे पट्टे, तपासा. एका वेळी एकाचाच दिसतो. भरीव पट्ट्यात पाऊल नको. रेघांच्या पट्ट्यात वाकून चाललं तर चालतं. हायातोला शुरिकेनच्या (फेकायच्या धारदार चकतीच्या) पल्ल्यात आणा, मुगेनला दुसऱ्याच्या पाठीशी, जवळच्या झुडपात. इथे एफ५ दाबून खेळ साठवा. मग शॅडो मोडमध्ये हायातोला शुरिकेन आणि मुगेनला तलवारीचा हुकूम देऊन दोन्ही एकदम सोडा.

तरीही फसलं तर कारण बहुधा अंतर. हुकूम एकत्र सुटतात, वार एकत्र पडत नाहीत. मुगेनचा धावण्याचा वेळ त्यात धरावाच लागतो. त्याला आणखी दोन पावलं पुढे बसवा. शिवाय हुकूम देताना खेळ थांबत नाही, त्यामुळे गस्तवाला पाठ फिरवून गेल्यावरच सोडा.

लगेच मुगेनकडून दोन्ही प्रेतं उचलवा, तो एकटा दोन नेतो. हायातोने शुरिकेन परत घ्यायला विसरू नये, त्याच्याकडे ते एकच असतं.

जोडीत सामुराई असेल तर शुरिकेन त्याच्यावर वाया घालवू नका. त्या सामुराईला मुगेनच्या तलवारीसाठी ठेवा.