दोन इंजिनांच्या बोटीचे एक इंजिन समुद्रात बंद पडल्यास

खिंडसीसारख्या शांत जलाशयावर बोट चालवायला शिकलेल्या आणि आता सुट्टीत मालवण, तारकर्ली किंवा अलिबागकडे दोन आउटबोर्ड (बोटीच्या मागच्या बाजूला बाहेरून बसवलेल्या) इंजिनांची बोट समुद्रात नेऊ इच्छिणाऱ्या नागपूरकरांसाठी ही माहिती लिहीत आहे. तलावात इंजिन बंद पडले तर बोट बहुधा जागच्या आसपास तरंगत राहते आणि उशिरा का होईना, काठाला लागते. समुद्रात मात्र वारा आणि प्रवाह तिला त्याच क्षणापासून ओढू लागतात. दोन इंजिने आहेत म्हणून आपण निर्धास्त असतो, पण एक बंद पडल्यावर किनारा गाठून देणारे एकच इंजिन उरते आणि तेव्हापासून प्रत्येक निर्णय त्या उरलेल्या इंजिनाला जपूनच घ्यावा लागतो.

बोट वेगात असताना एक इंजिन थांबले, तर तिचे पुढचे टोक बंद इंजिनाच्या बाजूला वळू लागते, कारण जोर आता एकाच बाजूने लागत असतो. अशा वेळी चालू इंजिनाचा थ्रॉटल सावकाश खाली आणावा. तो एकदम बंद केल्यास आपल्याच बोटीने उठवलेली लाट मागून येऊन आत शिरू शकते. त्यानंतर बंद इंजिनाचा गिअर न्यूट्रलमध्ये टाकावा, सर्वांना खाली बसवून लाइफ जॅकेट घालायला लावावे आणि आजूबाजूला पाहावे: खडक किती दूर आहेत, वारा कोणीकडे नेत आहे, मासेमारीच्या जाळ्यांची तरंगती बोये जवळ आहेत का. झाकण उघडून इंजिनात हात घालण्याची वेळ हे सगळे पाहून झाल्यावरच येते. पेट्रोलचा वास येत असेल तर स्टार्टरला हात लावू नये. झाकणे उघडून हवा खेळू द्यावी आणि आग विझवण्याचे उपकरण जवळ घ्यावे.

दोन्ही इंजिने एकाच वेळी बंद पडली असतील, तर कारण बहुतेक वेळा दोघांच्या सामाईक गोष्टीत असते. चालकाच्या अंगाला बांधलेली सुरक्षा दोरी किल स्विचमधून (दोरी निघताच इंजिन बंद करणाऱ्या बटणातून) निसटली आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. हे इतके साधे कारण असते की घाबरलेल्या माणसाच्या ते लक्षातच येत नाही. मग बॅटरीचा मुख्य स्विच आणि त्यानंतर इंधन. एकाच टाकीतून दोन्ही इंजिनांना पेट्रोल जात असेल, तर त्या टाकीतले पाणी किंवा गाळ दोघांनाही थांबवतो.

एकच इंजिन थांबले असेल, तर इंधनाच्या नळीतला रबरी प्रायमर बल्ब हातात घेऊन दाबावा, कारण तो बरेच काही सांगतो. काही वेळा दाबल्यावर तो घट्ट झाला आणि घट्टच राहिला, तर पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचत आहे आणि दोष पुढे, म्हणजे इंजिनात किंवा विजेच्या जोडणीत शोधावा. तो आत ओढला जाऊन चपटा झाला असेल, तर टाकीकडून पेट्रोल येण्यात अडथळा आहे: टाकीची हवा घेण्याची झडप बंद राहिलेली असते, तेथील वाहिनी तुंबलेली असते किंवा नळी कुठेतरी दुमडलेली असते. कितीही दाबला तरी तो मऊच राहिला, तर टाकी रिकामी असते किंवा एखाद्या सांध्यातून हवा आत जात असते. पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरचा तळ पारदर्शक असेल, तर पेट्रोलखाली साचलेला पाण्याचा थर डोळ्यांना दिसतो. तो भांड्यात काढून घ्यावा, समुद्रात टाकू नये. स्टार्टर सलग १० सेकंदांहून अधिक फिरवू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये त्याला थंड होऊ द्यावे, नाहीतर बिघाडात संपलेल्या बॅटरीची भर पडते.

धोक्याचा भोंगा वाजून इंजिनाचे फेरे आपोआप कमी झाले असतील, तर इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची बारीक धार पाहावी. ती थांबली असेल तर थंड करणारे पाणी आत येत नाही. इंजिन बंद करून वर उचलावे आणि पाणी आत घेणाऱ्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी किंवा शेवाळ अडकले आहे का ते पाहावे; जाळी साफ करूनही धार परत आली नाही, तर पंपाचे इम्पेलर (पाणी ढकलणारे फिरते चक्र) गेलेले असण्याची शक्यता मोठी आहे आणि ते इंजिन पुन्हा चालवू नये. पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जाळे किंवा दोरखंड अडकला असेल, तर दुसरे इंजिनही आधी पूर्ण बंद करावे आणि मगच मागच्या बाजूने वाकून सुरीने तो कापावा. फिरत्या पंख्याजवळ वाकणे कोणत्याही घाईत क्षम्य नाही. दुसऱ्या पंख्याभोवतीही तेच जाळे नाही, याची खात्री झाल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.

इंजिन सुरू होत नसेल तर ते वर उचलून घ्यावे, म्हणजे पाण्याचा विरोध कमी होतो. विजेवर ते उचलले जात नसेल, तर बाजूचा हाताने सैल करायचा स्क्रू वापरता येतो. आता एकाच इंजिनावर बोट पूर्वीच्या वेगाने नेण्याचा मोह होतो, आणि चांगली इंजिने नेमकी इथेच खराब केली जातात. पंख्याची पिच (एका फेऱ्यात तो बोटीला किती पुढे ढकलेल ते माप) दोन इंजिनांच्या जोरावर पळणाऱ्या बोटीसाठी निवडलेली असते. एकट्या इंजिनाला पूर्ण थ्रॉटल दिला तर ते आपल्या नेमून दिलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचत नाही आणि अतिभाराखाली तापत राहते. म्हणून बोट वेगाने पाण्याच्या पृष्ठभागावर उचलून पळवण्याचा प्रयत्न सोडून साधारण ५ ते ७ नॉट्सच्या संथ वेगाने जावे, स्टिअरिंग चालू इंजिनाच्या बाजूला थोडे धरून ठेवावे आणि तापमान व पाण्याची धार यांवर सतत लक्ष ठेवावे.

कुठे जायचे हे वेग कमी झाल्यामुळे नव्याने ठरवावे लागते. कोकणात दुपारनंतर समुद्राकडून येणारे खारे वारे जोर धरतात आणि पूर्ण बंद पडलेली बोट किनाऱ्याच्या खडकांकडे ढकलली जाते. रात्री उशिरा मतलई वारे तिला बाहेर नेऊ शकतात. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असेल, तर ओहोटीच्या प्रवाहाविरुद्ध वारा असताना तिथे लाटा फुटतात आणि एका इंजिनाच्या बोटीने तिथून आत शिरणे धोक्याचे ठरते. जवळचे बंदर सोडून थोडे दूरचे पण खोल आणि आडोशाचे बंदर निवडणे अशा वेळी शहाणपणाचे असते.

उरलेले इंजिनही डळमळू लागले आणि खाली नांगर धरण्याजोगा तळ असेल, तर खडक जवळ येण्याची वाट न पाहता नांगर टाकावा आणि खोलीच्या निदान ५ ते ७ पट दोर सोडावा. तो बोटीच्या पुढच्या टोकाला बांधावा. दोर मागच्या बाजूला बांधल्यास लाट इंजिनांवरून बोटीत येते. मदत मागण्यास उशीर करू नये. व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १६ वर, तातडी असली तरी जीव धोक्यात नसेल तेव्हा 'पॅन-पॅन' आणि जीवावर बेतले असेल तेव्हा 'मेडे' तीन वेळा म्हणून बोटीचे नाव, अक्षांश-रेखांश, माणसांची संख्या आणि अडचण सांगावी. मोबाइलला सिग्नल असेल तर भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लावावा. कुठे जाणार आणि केव्हा परतणार, हे नागपूरच्या घरच्यांबरोबरच किनाऱ्यावरच्या एखाद्या माहीतगार माणसालाही सांगून निघावे, कारण शोध सुरू करण्याची सूत्रे त्याच्याच हातून लवकर हलतात.

जेटीला लागताना शक्य असल्यास बंद इंजिनाची बाजू जेटीकडे घ्यावी. डावे इंजिन बंद असेल तर डावी बाजू जेटीकडे ठेवून थोड्या तिरक्या कोनात हळू यावे. जवळ आल्यावर उजव्या इंजिनाला रिव्हर्स दिला की पुढचे टोक जेटीपासून दूर आणि मागची बाजू जेटीकडे येते. वारा आणि प्रवाह समोरून येतील अशी दिशा निवडली तर बोट आपोआप आवरते.

हे सर्व नागपूरजवळ शिकता येते. परवानगी असलेल्या जलाशयावर, लाइफ जॅकेट घालून, मुद्दाम एक इंजिन बंद करून उचलावे, दोन्ही बाजूंना वळून पाहावे, रिव्हर्समध्ये बोट कशी फिरते ते अनुभवावे आणि एकट्या इंजिनावर किती फेऱ्यांना किती वेग मिळतो, हे कन्सोलजवळ लिहून ठेवावे. दोन्ही इंजिनांना स्वतंत्र टाकी, स्वतंत्र फिल्टर आणि स्वतंत्र बॅटरी असावी, असा माझा आग्रह आहे.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि उघड्यावर ठेवलेल्या बोटीच्या रबरी नळ्या व प्रायमर बल्ब कडक होऊन भेगाळतात; ते सहलीआधी बोटांनी वाकवून तपासावेत. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तर बहुतेक आउटबोर्ड इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांची मर्यादा दिलेली असते. इथेनॉल हवेतली ओल शोषते आणि टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पेट्रोलमधून पाणी तळाशी वेगळे होऊ शकते. त्यामुळे पावसाळाभर अंगणात उभ्या असलेल्या बोटीतले जुने पेट्रोल तसेच घेऊन कोकणात उतरू नये, आणि समुद्रात एका इंजिनाच्या फिल्टरमध्ये पाणी सापडले असेल, तर पुन्हा बाहेर पडण्याआधी व्यवस्थित चाललेल्या दुसऱ्या इंजिनाचा फिल्टरही उघडून पाहावा.