पूर्व चाडला मदत घेऊन निघण्याआधी

मध्य आफ्रिकेतल्या चाड देशात, सुदानच्या सीमेवरच्या अद्रे गावी निर्वासितांसाठी मदत घेऊन जायचं ठरलं की सामानाच्या यादीआधी कॅलेंडर काढा. पूर्व चाडमध्ये जून ते सप्टेंबर पाऊस. एरवी नुसत्या वाळूच्या असलेल्या नद्या, तिकडे त्यांना वादी म्हणतात, तेव्हा रस्त्यावरून वाहतात आणि ट्रक अलीकडच्या काठावर दिवसच्या दिवस उभे राहतात. चाडला समुद्र नाही. जहाजाचा माल बराचसा कॅमेरूनच्या दुआला बंदरात उतरतो, तिथून रस्त्याने राजधानी एन्जामेना, मग आठ-नऊशे किलोमीटर पूर्वेला अबेशे आणि पुढे अद्रे. पावसाळ्यात लागणारा माल मेअखेर अबेशेच्या पुढच्या गोदामात पडलेला हवा. पावसाच्या याच महिन्यांत गेल्या वर्षीचं धान्य संपलेलं असतं, नवं शेतात उभं असतं आणि मलेरियाही वाढलेला असतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. ते पिवळं कार्ड पासपोर्टसोबत हाताशी ठेवा, कारण ते नसेल तर परतल्यावर आपल्याच विमानतळावरून विलगीकरणात रवानगी होते. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. राजधानीबाहेर फिरायचा परवाना वेगळा काढावा लागतो, फोटोंचाही, तेव्हा मोबाइल खिशातच बरा. सीएनएआरआर ही तिथली निर्वासितांचं काम पाहणारी सरकारी संस्था आणि यूएनएचसीआर ही संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था, या दोघांशी आधी बोला. नाहीतर एकाच झोपडीत तीन बादल्या आणि शेजारी एकही नाही, असं होतं. कागद फ्रेंचमध्ये लागतात, बाजारात चाडी अरबी चालते, इंग्रजीवर भागत नाही. मसालित ही सीमाभागातली भाषा बोलणारी एखादी बाई सोबत मिळाली तर पहिल्या दिवसापासून पगारावर घ्या.

आता मदत कोणासाठी, ते लिहून काढा. 15 एप्रिल 2023 ला सुदानमध्ये युद्ध पेटलं आणि सीमेपलीकडच्या अल जनीना शहरातून लोक पायी, गाढवांवर अद्रेत आले. चाळीसेक हजार वस्तीच्या गावाबाहेर त्याच्या कितीतरी पट माणसं गवताच्या नि ताडपत्रीच्या आडोशाला राहिली. बहुतेक बायका आणि मुलं. त्याआधी 2003 पासूनच्या दारफुरच्या, म्हणजे पश्चिम सुदानच्या, संघर्षामुळे चार लाखांच्या आसपास सुदानी निर्वासित चाडमध्ये होतेच. म्हणजे या गावांनी आपली विहीर, सरपण आणि चराई वीस वर्षं वाटून घेतली आहे. म्हणून यादीत पहिल्या दिवसापासून गावकऱ्यांचा रकाना हवा. 'उरलं तर गावाला देऊ' म्हणणारे भेटतील. उरत काही नाही. तिसरा रकाना दारफुरमध्ये राहून परतलेल्या चाडी लोकांचा. ते निर्वासित नाहीत म्हणून तिकडच्या यादीत नाहीत आणि गावात घर नाही म्हणून इकडच्याही नाहीत.

धान्याचं मात्र नीट बसून ठरवा, आपल्याकडच्या माणसाला हे लगेच कळेल. तिकडचं मुख्य अन्न ज्वारी. तिच्या पिठाची घट्ट उकड करतात आणि भेंडीच्या किंवा मांसाच्या कालवणात बुडवून खातात. मदतीत ज्वारी अख्खी येते. दळणाचे पैसे कुठून आणायचे? मग बाई मिळालेल्या ज्वारीतलीच थोडी विकते किंवा गिरणीवाल्याला देते, आणि कागदावरचं महिन्याचं रेशन आधीच संपतं. म्हणून धान्याच्या खर्चात दळणाचा खर्च धराच. माझं मत विचाराल तर गावातल्या गिरण्यांशी दर ठरवून कुपनं द्यावीत: छावणीचं दळण होतं आणि गावात पैसा येतो. छावणीत स्वतःची गिरणी टाकायची हौस नको, गावातला गिरणीवाला आयुष्यभर तुमच्या नावाने बोटं मोडेल.

पाण्याचा हिशोब माणशी दिवसाला 15 लिटर. दहा हजार लिटरचा टँकर साधारण साडेसहाशे लोकांना एक दिवस पुरतो. डिझेलचा खर्च त्यावरून काढा. एका नळामागे अडीचशे, हातपंपामागे पाचशे, संडासामागे वीस माणसं, याहून जास्त नकोत. क्लोरीन मोजायचं किट न्या. नळाशी लिटरमागे 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन असलं तरी मळलेल्या जेरीकॅनमध्ये ते टिकत नाही, म्हणून झाकणाचे नवे कॅन आणि साबण याच खर्चात धरा.

सरपणासाठी बायकांना दूर जावं लागतं. वाटेत हल्ल्याचं भय, शिवाय गावकऱ्यांशी भांडण. कमी लाकडात पेटणाऱ्या चुली द्या, त्याही दोन्हीकडे, आणि गावातल्या बायकांकडून मातीच्या बनवून घेता आल्या तर उत्तम. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दंडघेर मोजायच्या पट्ट्या न्या: 11.5 सेंटिमीटरच्या आत म्हणजे तीव्र कुपोषण, लगेच उपचार केंद्रात. जुलाबासाठी ओआरएस आणि झिंकचा साठा पावसाआधी. इथून जुने कपडे मात्र नेऊ नका. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गार असतात, पण चादरी अबेशेच्या बाजारातच घ्या.

वाटपाची जागा पाण्याजवळ आणि सावलीत हवी, म्हाताऱ्यांची व गरोदर बायकांची रांग वेगळी. कोणाला काय आणि किती मिळणार, ते आदल्या दिवशी वाचून दाखवा. तक्रार ऐकायला छावणीबाहेरचा माणूस बसवा, वाटणारा नको. हातपंप बसवणार असाल तर त्या भागात आधीपासून चालणाऱ्या बनावटीचाच घ्या, वर्षभराचे वॉशर सोबत द्या, आणि दुरुस्ती शिकायला एक माणूस गावातला, एक छावणीतला, असे दोघे परतीचं तिकीट काढण्याआधी ठरवा.