कंबर धरली म्हणून रजा टाकताय? या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) टाइम ऑफिसात मी १९ वर्षं बसतोय. हजेरी, रजा, ईएसआयचे (कामगारांच्या सरकारी विम्याचे) कागद सगळं माझ्याच टेबलावरून जातं. तापाची रजा येते, चार दिवसांत मिटते, तिचा कधी त्रास नाही. पण कंबर, मान, खांदा, गुडघा यांच्या रजा मात्र हमखास अडकतात, माणसाचे पैसे बुडतात, दुखणं लांबतं, आणि दरवेळी चुका त्याच त्याच. समोर बसलेल्या प्रत्येकाला वेगळं वेगळं सांगून थकलो म्हणून इथं एकदाच लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दुखलं त्या दिवशी कुणालाच न सांगणं.

दोनेक वर्षांमागं आमच्याकडं येळ्ळूरकडचा एक मोल्डर (वाळूचे साचे करणारा) होता, पस्तिशीचा, अंगानं दणकट. सेकंड शिफ्टला मोल्डिंग बॉक्स उचलून वळताना कमरेत चमक भरली. बॉक्स खाली ठेवला, भिंतीला टेकून जरा उभा राहिला आणि परत कामाला लागला. सुपरवायझरला सांगितलं नाही, का तर एवढ्यातेवढ्याला काय सांगायचं. सुटल्यावर मेडिकलमधून गोळी घेतली. सकाळी उठताच येईना तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरकडं इंजेक्शन घेतलं आणि घरात पडून राहिला. आम्हाला फोन आला तो त्याच्या मेव्हण्याचा, "दाजींना बरं नाही" एवढाच. कामावर लागलंय हे त्यात कुठंच नाही.

सहाव्या दिवशी तो ईएसआयच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी कानडीत विचारलं, "एष्ट दिना आतु?" म्हणजे किती दिवस झाले. ह्याचं कानडी बाजारापुरतं, ह्याला वाटलं किती दुखतंय ते विचारूलालेत, हा म्हणाला "भाळ रि, भाळ". लई दुखतंय हे सांगायचं होतं, डॉक्टरांनी ऐकलं लई दिवस झाले. कागदावर जुनं दुखणं म्हणून लिहिलं गेलं.

आता ह्याचे पैसे किती गेले ते बघा. कामावर असताना इजा झाली आणि तीन दिवसांच्या वर काम बंद राहिलं तर ईएसआयकडून सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतात, त्याला किती दिवस वर्गणी भरली ही अटही नाही. साध्या आजारपणाला ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस, आणि पहिले दोन दिवस धरत नाहीत. ह्याचा रोज ६०० धरा. एकूण १६ दिवस घरी होता. त्यातले पहिले पाच दिवस सर्टिफिकेट नाही म्हणून गेले, उरलेल्या ११ मधले दोन गेले, नऊ दिवसांचे ४२० प्रमाणे ३,७८० मिळाले. पहिल्याच दिवशी अपघात रजिस्टरला नोंद असती आणि लगेच सर्टिफिकेट घेतलं असतं तर १६ दिवसांचे ५४० प्रमाणे ८,६४० झाले असते. जवळजवळ पाच हजार रुपये एका वाक्यासाठी गेले, "साहेब, बॉक्स उचलताना कमरेत चमक भरली." मी दोन महिने कागद घेऊन फिरलो, काही झालं नाही, कारण नोंदच नव्हती आणि साक्षीदार पोरगं तोवर काम सोडून गोव्याला गेलं होतं.

म्हणून माझी सवय सांगतो. उसण भरली, चमक भरली, काही का होईना, हात थांबवायचा आणि जागेवरच सुपरवायझरला सांगायचं. तारीख, वेळ, काय उचलत होतो, शेजारी कोण होतं एवढं रजिस्टरला घालून घ्यायचं आणि त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढायचा. काही सुपरवायझर रेकॉर्ड खराब होतंय म्हणून नको म्हणतात, त्यांचं ऐकू नका, शिफ्ट सुटायच्या आत टाइम ऑफिसला या. आणि दवाखान्यात कानडी येणारा कुणीतरी सोबत न्या. कुणीच नसेल तर हे एक वाक्य तोंडपाठ करा, "निन्ने केलस माडुवाग सोंट हिडकोंडैति," काल काम करताना कंबर धरली. डॉक्टर समजून घेतात, पण त्यांना कळलं तर पाहिजे ना.

दुसरं, गोळ्या. ह्या बाबतीत मला खरोखर राग येतो. नवीन पोरं कामाला लागून महिना झाला नाही तोवर खिशात डायक्लोफिनॅकची, म्हणजे दुखणं मारायच्या गोळीची, स्ट्रिप घेऊन फिरतात, सकाळी रिकाम्या पोटी चहा आणि गोळी, जेवणानंतर परत एक, का तर ओव्हरटाइम सोडायचा नाही. भट्टीसमोर घाम गाळायचा, पाणी कमी प्यायचं आणि वर ही गोळी, ह्यानं किडनीला मार बसतो, पोटात अल्सर होतो, बीपी असेल तर ते वाढतं. त्याहून वाईट म्हणजे दुखणं कळतच नाही, माणूस दुखऱ्या कमरेनं परत तेच वजन उचलतो आणि दोन दिवसांचं काम दोन महिन्यांवर नेतो. आणि त्या सुट्या गोळ्यांच्या पुड्या, एका डोसात सगळं मोकळं करणाऱ्या, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. तोंड सुजतं, साखर चढते, महिनोन्‌महिने घेतलं तर खुब्याचं हाड सडतं. नाव नसलेली गोळी तोंडात घालायची नाही, एवढं तरी ऐका.

तिसरी चूक रजेतली. काहीजण पंधरा दिवस पाठ टेकून पडून राहतात. साध्या उसणीला एकदोन दिवस आराम पुरे, नंतर घरातल्या घरात, मग गल्लीत चालत राहायचं, शेकायचं. बहुतेकांची कंबर काही आठवड्यांत आपोआप सुटते, पडून राहिलं की उलट आखडते. पण ह्याच्या उलट टोकाचेही आमच्याकडं आहेत. आपल्या भागात निम्मे कामगार शेतकरीच, जुलैत रोप लावणी आली की घरी माणूस कमी पडतो. खानापूरकडचा एक सीएनसी ऑपरेटर कंबरदुखीची रजा घेऊन चिखलात वाकून लावणी करत होता. त्याच्याच भावकीतल्या कुणीतरी फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपला टाकला, तो फिरत फिरत आमच्या मॅनेजरपर्यंत आला. रजेचे पैसे अडले, चौकशी लागली, आणि चार दिवस वाकून राहिल्यावर खरोखरच पाय बधिर व्हायला लागला. मला त्याची अडचण कळते, लावणी थांबत नाही, रोजानं माणसं मिळत नाहीत. पण शेतासाठी साठवलेली पगारी रजा मागा, मी स्वतः सही घेऊन देतो. आजारपणाची रजा म्हणजे अंग कामाला चालत नाही असं डॉक्टरनं लिहून दिलेलं असतं, त्या कागदावर लावणी करू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो.

नावाचा घोळ. आधारवर चौगले, ईएसआयला चौगुले, बँकेत तिसरंच, कारण प्रत्येक ठिकाणी कुणी कानडीवरनं लिहिलं तर कुणी मराठीवरनं. दुखायच्या आधीच सारखं करून घ्या.

पगाराच्या चिठ्ठीत ईएसआयच्या वर्गणीचे ०.७५ टक्के कापलेत का बघा, कॉन्ट्रॅक्टवर असाल तर दर महिन्याला बघा. आजारपणाच्या पैशांसाठी आधीच्या सहा महिन्यांच्या पिरियडमध्ये ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते, आणि महिन्याचा पगार २१,००० च्या आत असेल तरच ईएसआयत नाव घालतात.

सर्टिफिकेट संपतं त्याच दिवशी पुढचं घ्या, मागच्या तारखेचं मागत बसू नका.

पहिल्याच आठवड्यात एमआरआयचा हट्ट नको. पण लघवी-संडासचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला, पाय उचलेना, किंवा कंबरेसोबत ताप आहे, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा, रजेचं मी बघतो.

सकाळी बोटांचे सांधे सुजून तासभर आखडलेले राहतात, ते कामानं आलेलं दुखणं नसेल, संधिवाताची रक्ततपासणी करून घ्या. साखर असलेल्यांनी खांदा वर जाईना झाला तर लगेच दाखवा, तसा धरलेला खांदा वर्षभरही सुटत नाही. फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला, ग्राइंडर धरणाऱ्यांना बोटांत मुंग्या येतात, बोटं पांढरी पडतात, ते थंडीमुळं म्हणून सोडू नका. चिकनगुन्यानंतर सांधे महिनोन्‌महिने दुखू शकतात, २००६ च्या साथीत आपल्या भागानं ते बघितलंय, तेव्हा डॉक्टरांना तो ताप आठवणीनं सांगा.

शेवटचं, परत कामावर येणं. फिट सर्टिफिकेट आणलं की पोरं पहिल्याच दिवशी पूर्वीइतकेच बॉक्स उचलायला जातात, सोबतचे काय म्हणतील म्हणून. आठवड्यात परत माझ्या टेबलासमोर, परत रजा. माझ्या हातात आहे तेवढं मी करतो, पहिला आठवडा गेजिंगला (मालाची मापं तपासायला) किंवा स्टोअरला, दुसऱ्या आठवड्यात जोडीनं उचलायचं, तिसऱ्यात जागेवर. पण त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि नुसतं "हलकं काम" लिहिलेली चालत नाही, कारण हलकं म्हणजे काय हे शिफ्ट सुपरवायझर आपल्या मनानं ठरवतो. किती किलोच्या वर उचलायचं नाही आणि किती दिवस, हे दोन आकडे डॉक्टरांकडून लिहून घ्या, एक झेरॉक्स मला द्या आणि एक स्वतःच्या लॉकरला ठेवा.